पाच प्लेअर आणि उजवी बाजू

३ नोव्हेंबर, सोमवार

आजवर या दोन हातांनी केलेल्या वस्तूंची यादी, एकदा नीट:

अ‍ॅम्प्लिफायर एकवीस. पैकी एकोणीस चालू आहेत. एक पाण्यात गेला आणि एक मेहुण्याने ‘जरा उघडून बघतो’ म्हणून उघडला. स्पीकरच्या जोड्या सात, लाकूड कापण्यापासून. दुकानातलं कामाचं टेबल, अकरा खणांचं, आणि खणांवरच्या पितळी पट्ट्यांवरची अक्षरं. लेकीचा पाळणा. तो करकरत नव्हता, हे मुद्दाम लिहितो. नाट्यगृहाची आवाजाची सगळी वायरिंग, दोनदा. दुसऱ्यांदा कारण पहिली उंदरांनी खाल्ली. आणि काल दुपारी पूर्ण झालेली वस्तू: माझ्या कानांच्या मापाची इअरफोनची टोपणं. निळं सिलिकॉन. दोन नळ्यांतला लगदा समसमान मिसळून कानात भरायचा, सहा मिनिटं जबडा हलवायचा नाही, मग अलगद फिरवत काढायचा. डावं टोपण पहिल्या खेपेला जमलं. उजवं तिसऱ्या खेपेला. आधीची दोन काढताना तुटली. बाजारातली टोपणं कानात डुगडुगतात. माझी बाटलीच्या बुचासारखी बसतात.

शिक्षण दहावी. पुढचं सगळं जुन्या रेडिओंनी शिकवलं. लोक मला ‘कानसेन’ म्हणतात. आधी चेष्टेने म्हणायचे, आता दुकानाच्या पाटीवर आहे.

ही वही सुरू करायचं कारण असं. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. नुसतं चालणं म्हणजे पायांनी वेळ घालवणं. गाणं ऐकत चालेन म्हटलं. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, मग मोबाइलवर ऐका ना. सगळं जग ऐकतं.”

“सगळं जग उभ्याने जेवतं पण.”

मोबाइलमध्ये गाणं वाजतं, मध्येच मेहुण्याचा फोन येतो. ते नको. मला फक्त गाणं वाजवणारं यंत्र हवं. ही बाजूलाच उभी होती. म्हणाली, “मी येते की तुमच्याबरोबर फिरायला.”

म्हटलं, “तू बोलत राहशील.”

“बरं,” म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली. प्रश्न मिटला.

अटी: बटणं खरी हवीत, दाबली की कळणारी, म्हणजे खिशात हात घालून न बघता चालवता येईल. इअरफोनला वायर. गाणी क्रमाने लागली पाहिजेत, अक्षरांप्रमाणे नाही. दोन गाण्यांच्या मध्ये शांततेची खाच पडता कामा नये. आवाज शून्यावर असताना सिस्स ऐकू येता कामा नये. बंद करून लावल्यावर जिथे थांबलो तिथूनच सुरू व्हावा.

चाचणीला ध्वनिमुद्रण एकच. एकोणीस वर्षांपूर्वी नाट्यगृह रिकामं असताना मी हिचं गाणं टिपलं होतं. ही मधोमध, व्हायोलिनवाला उजवीकडे, माझे दोन मायक्रोफोन. उजव्या भिंतीवर घड्याळ होतं. ही श्वास घ्यायला थांबते तिथे त्याची टिकटिक येते. ज्या यंत्रात टिकटिक येत नाही ते माझ्या कामाचं नाही. त्यानंतर लेक झाली आणि ही गायची थांबली. का, ते विचारायचं राहून गेलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

शोरूमवाल्याकडून पहिला प्लेअर आणला. आमच्याच रस्त्याला कोपऱ्यावर त्याचं तीनमजली शोरूम आहे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आवाजातलं काडीचं कळत नाही, पण माणूस गोड बोलतो. “कानसेन, न्या. आठ दिवस वापरा. नाही आवडला तर परत आणा, तुमच्याकडून कसले पैसे आधी घ्यायचे.”

काळा. अडतीस ग्रॅम (दुकानातल्या काट्यावर). पाच बटणं, मधलं किंचित वर आलेलं, त्यामुळे अंगठ्याला लगेच सापडतं. क्रम बरोबर. खाच नाही. सिस्स नाही. मनात म्हटलं, एवढ्यात जमलं की काय!

मग चाचणी. ही डावीकडे गातेय. मध्ये नाही, डावीकडे. व्हायोलिन उजवीकडे हवं तर ते कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे. टिकटिक गायब. अगदीच गायब. दोनदा ऐकलं, टोपणं पुसून तिसऱ्यांदा ऐकलं.

निदान: उजवी वाहिनी कमजोर. परत करणे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काळा दिला, चंदेरी आणला. दिसायला सुबक. बटणं कडक, थंडीत अंगठा दुखेल. पण ते पुढचं, कारण याचीही उजवी बाजू कमजोर. काळ्याइतकीच. अगदी तेवढीच.

दुकानात मीटर लावून मोजलं. मीटरवर डावं-उजवं सारखं. म्हणजे मीटरचं काहीतरी बिनसलंय. बावीस वर्षं झाली त्यालाही. मीटरला कान नसतात.

शोरूममध्ये हे सांगायला गेलो तर तिथे एक माणूस माझ्याकडे बघून हसत होता. म्हटलं, काय झालं? तर शोरूमवाला म्हणाला, “काही नाही, मी हाका मारत होतो तुम्हाला.” त्या शोरूममध्ये एकाच वेळी चार टीव्ही लावून ठेवतात, हाक कुणाला ऐकू येणार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा: निळा, बुटका. आवाज शून्यावर ठेवला तरी सिस्स, साप सोडल्यासारखी. शिवाय उजवी बाजू तशीच. आता मला शंका आहे ती अशी: या सगळ्यांच्या पोटात एकाच कारखान्याची चिप आहे. वेष्टण वेगळं, आतला माल एक. कंपनीला पत्र लिहायला घेतलंय. दीड पान झालंय.

घरातली एक नोंद. जेवायच्या टेबलावर ही गेली सव्वीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसते. गेले चार दिवस डावीकडे बसतेय. विचारलं तर म्हणाली, “खिडकीतून ऊन येतं.” रात्री साडेआठला कुठलं ऊन? पण बायकांशी अशा बारीकसारीक गोष्टींवर वाद घालत नाही.

हल्ली ही तोंडातल्या तोंडात बोलते. वयाने होत असेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चौथा नुसता काचेचा, एकही बटण नाही. बोटाने काचेवर घासायचं. खिशात हात घालून घासलं तर लागायचं ते थांबलं आणि नको ते लागलं. उजवी बाजू ऐकायचीसुद्धा गरज नव्हती, तरी ऐकली. तशीच.

शोरूमवाल्याला म्हटलं, “तुझ्याकडे एक तरी धड यंत्र आहे का?”

त्याने पाचवा काढला. वजनदार, चामड्याच्या खोळीत, किंमत सांगतानाही त्याने आवाज खाली आणला. “हा न्या. हाही नाही आवडला तर मग मात्र कानसेन, दोष प्लेअरचा नाही.”

“मग कुणाचा?”

त्याने मला काउंटरच्या आत खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “एक विचारू का? रागावू नका. दुकान किती दिवस चालवायचं अजून?”

मुद्दा असा की त्याला माझं दुकान हवंय. जागा, हत्यारं आणि पाटी. ‘कानसेन’ नाव त्याच्या वरच्या मजल्यावर लावणार. मी तिथे खुर्ची टाकून बसायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं कुठला स्पीकर घ्या. पगार वेगळा. एका कागदावर रक्कम लिहून त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचली आणि कागद उलटा ठेवला.

“नुसतं बसायचं?” म्हटलं.

“नुसतं बसायचं. आयुष्यभर वाकून सोल्डरिंग केलंत. आता पाठ टेका.”

“मी काय आजारी आहे?”

“तसं कुठे म्हटलं मी? महिनाअखेरीपर्यंत सांगा.”

चहा मात्र चांगला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाचवा. मोठी किंमत. उजवी बाजू कमजोर.

घरच्या स्पीकरवर तीच चाचणी घेतली, खुर्ची मोजून मध्ये ठेवून. तिथेही टिकटिक नाही. स्पीकर जुने झाले असणार. उजवीकडचा आवाज थोडा वाढवून घेतला. थोडा म्हणजे बराच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचंही लिहून ठेवतो.

शाळेच्या मुलांचं नाटक होतं, आवाजाचं काम माझं. तेवीस वर्षं माझंच असतं. दुपारी एकटा बसून दोन्हीकडचे स्पीकर जुळवले. कानांनीच जुळवतो, कायम. पडदा उघडला आणि पहिल्याच वाक्याला उजवीकडच्या पाच रांगांनी कानांवर हात ठेवले. लहान मुलं रडायला लागली. मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या, “अहो, कमी करा ना तिकडचा!”

मी म्हटलं, “दोन्ही सारखे आहेत.”

मग स्वतः हात पुढे करून त्यांनी उजवीकडचा दांडा खाली ओढला. माझ्या मिक्सरवर आजवर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. मी अडवलं नाही. नाटक छान झालं म्हणे. मी मुलांचे ओठ बघत होतो.

कंपनीचं पत्र पोस्टात टाकलेलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गिऱ्हाईक ‘एका बाजूने ऐकू येत नाही’ म्हणत आलं की मी पहिली गोष्ट करतो ती डावं-उजवं बदलायची. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर यंत्रात आहे. जिथल्या तिथे राहिला तर यंत्रात नाही. दीड मिनिटाचं काम. दहावी नापासालाही शिकवता येतं.

गेले पंधरा दिवस मी ते केलं नाही. टोपणं कानाच्या मापाची आहेत, उजवं डाव्यात बसत नाही, म्हणून करता येत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. दुकानात भिंतीवर सहा साधे हेडफोन टांगलेले आहेत. त्यातला एक आज दुपारी दुकानाचं दार लावून घेतला. नीट घालून ऐकलं. मग उलटा करून घातला.

दोष जिथल्या तिथे राहिला.

मीटरची माफी मागितली. खरोखर, तोंडाने.

वडील कापडाच्या गिरणीत होते. पन्नाशीनंतर त्यांचे कान गेले. आधी एक, वर्षभराने दुसरा. घरात सगळे हसले की तेही हसायचे, पण एक क्षण उशिरा. तो एक क्षण मला लहानपणी सहन व्हायचा नाही, मी खोलीतून उठून जायचो. मला आता त्रेपन्न चालू आहे.

एका कानाने आवाजाचं दुकान चालवणं म्हणजे फसवणूक. दोन्ही स्पीकर सारखे आहेत की नाहीत हे ज्याला कळत नाही त्याने लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडू नयेत.

हिला काही बोललो नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शोरूममध्ये जाऊन ‘हो’ म्हणून आलो. पाचवा प्लेअर काउंटरवर ठेवला. त्याला वाटलं परत आणलाय म्हणून भांडायला आलोय. म्हटलं, प्लेअर चांगला आहे. सगळेच चांगले होते. कागद कधी करायचे?

एरवी घाईत असणारा माणूस, आज म्हणतो, “वकील बाहेरगावी आहे, शनिवारी करू.” मला आजच करायचे होते. निर्णय झाल्यावर पाच दिवस त्याच्याबरोबर एका घरात राहणं अवघड.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, रडेल किंवा भांडेल. तिने हात पुसले आणि फ्रिजवरची चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. कानाच्या डॉक्टरबाईंचा नंबर, बुधवार, सव्वादहा, माझं नाव.

“कधी लावलास हा नंबर?”

“दोन आठवडे झाले. त्यांच्याकडे गर्दी असते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तीनदा.” मग जरा थांबून, “उजवीकडून.”

मी म्हटलं, कशाला जायचं, वडिलांचं मी पाहिलंय. औषध नाही त्याला. तेव्हा ती म्हणाली, “अहो, लोकांच्या डब्यांची झाकणं न उघडता कधी निदान केलंत का तुम्ही? मग स्वतःचं झाकण न उघडता कसं केलंत?”

चिठ्ठी मी परत फ्रिजवर लावली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

क्रमाने लिहितो, घाई करत नाही.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. बाहेर सात माणसं, त्यातली पाच मोठ्याने बोलणारी. ही माझ्या डावीकडे बसली. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, जणू लांबच्या प्रवासाला निघालोय. नंबर येईपर्यंत एकदा फक्त म्हणाली, “पंखा आवाज करतोय.” म्हटलं, “बेअरिंग गेलंय.” डाव्या कानाने तेवढं कळलं.

डॉक्टरबाई जेमतेम तिशीतल्या. “काका, काय होतंय?”

सगळं सांगितलं. गिरणी, वडील, वय, पाच प्लेअर, शाळेचं नाटक, हेडफोन उलटा करून घेतलेली चाचणी. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, “चाचणी तुम्ही अगदी बरोबर घेतलीत.” एवढ्यानेही बरं वाटलं, हे कबूल करतो.

मग डोकं तिरकं करायला लावलं आणि दुर्बिणीतून उजव्या कानात बघितलं. बघत राहिल्या. बराच वेळ. माझ्या मनात वडिलांची खुर्ची आली, खोलीच्या कोपऱ्यातली.

“काका,” म्हणाल्या, “तुमच्या कानात काहीतरी निळं आहे.”

“निळं?”

“चांगलं गडद निळं. हलू नका.”

बारीक चिमटा आत गेला. दुखलं नाही, पण डोक्याच्या आत कुणीतरी कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला. आणि मग... कसं लिहू? ट्रेच्या पत्र्यावर काहीतरी पडलं, टक् करून, आणि ते मला ऐकू आलं, उजवीकडून. डॉक्टरबाईंच्या बाहीचं कापड ऐकू आलं. माझ्याच शर्टाची कॉलर मानेला घासली ती ऐकू आली. हिने मागे मोठा श्वास सोडला, तोही.

ट्रेमध्ये हरभऱ्याएवढा तुकडा. सिलिकॉन. दुसऱ्या खेपेला तुटलेल्या टोपणाचं टोक. त्यावर मी तिसरं टोपण बसवलं आणि रोज दोन वेळा ते आत ठोकत राहिलो.

“हे आत कसं गेलं?” बाईंनी विचारलं.

ही म्हणाली, “त्यांनी स्वतः केलंय. घरी.”

“स्वतः?” त्या तुकड्याकडे बघत म्हणाल्या. “फिटिंग मात्र छान आहे हो.”

मग तिघंही हसलो. मी इतरांच्या बरोबरीने हसलो, क्षणभरही उशिरा नाही. हे मी तपासून पाहिलं.

नंतर बंद खोलीत बसवून दोन्ही कानांची तपासणी. (खोलीत छताकडून बारीक गुणगुण येते, तेही त्यांना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं.) आलेख आला. डावा, उजवा, दोन रेघा जवळजवळ एकावर एक. अगदी वरच्या पट्टीत दोन्ही किंचित खाली जातात. “वयाचं आहे, सगळ्यांचं जातं,” म्हणाल्या. आतली कातडी जरा लाल झालीय, पाच दिवस थेंब. आणि यापुढे कानात काहीही ओतायचं नाही.

“काहीही म्हणजे?”

“काहीही म्हणजे काहीही, काका.”

आलेखाची एक प्रत मागून घेतली. या वहीत चिकटवली आहे, मागच्या पानावर.

जिना उतरताना ही माझ्या उजवीकडून चालत होती आणि हळूच म्हणाली, “गाढव.”

मी म्हटलं, “ऐकलं.”

तिथे दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये तिला रडू आलं. मी पिशवी धरली. बाटली तशीच भरलेली होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुकान उशिरा उघडलं. आधी शोरूममध्ये जाऊन पाचही प्लेअर मागून आणले, एक दिवसासाठी. शोरूमवाला म्हणाला, “आता आणखी काय?” म्हटलं, “फेरतपासणी.” तो डोळे मिटून ‘न्या’ म्हणाला.

टोपणं कचऱ्यात. भिंतीवरच्या साध्या हेडफोनवर ऐकलं. पाचही प्लेअरमध्ये ही मधोमध, व्हायोलिन उजवीकडे, आणि टिकटिक. निळ्यातसुद्धा, सिस्सच्या मागून. काळ्यामध्ये सगळ्यात स्वच्छ.

आणि आज पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. एकोणीस वर्षं मी हे ध्वनिमुद्रण व्हायोलिन कुठे आहे, घड्याळ कुठे आहे, हे तपासायला ऐकलं. हिचं गाणं ऐकायला एकदाही नाही. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती सूर धरते तो लांबच लांब राहतो आणि मग ती स्वतःशीच हसते. ते हसू तिथे कायम होतं.

संध्याकाळी तिला म्हटलं, “तू गायचं का थांबवलंस?”

“कुणी विचारलं नाही म्हणून,” ती म्हणाली. मग, “आणि वेळ कुठे होता? आज काय एकदम?”

म्हटलं, उद्यापासून फिरायला येतेस का? “मी बोलत राहीन,” म्हणाली. म्हटलं, बोल. आता ऐकू येतं.

जेवताना तिची खुर्ची परत माझ्या उजव्या हाताला होती. उन्हाचं काय झालं, विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अकराला शोरूममध्ये. वकील आला होता, कागद टेबलावर, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. मी काळा प्लेअर पुढे ठेवला आणि त्याचे पैसे.

“हा घेतो. खरी बटणं, क्रम बरोबर, खाच नाही, सिस्स नाही. उत्तम यंत्र आहे.”

“पहिल्या दिवशी दिलेलाच ना हा?”

“हो.”

“म्हणजे माझे पाचही निर्दोष होते?”

“चार. निळ्याची सिस्स खरी आहे. ती मी डाव्या कानानेही ऐकली होती.”

तो इतका हसला की वकिलाने घड्याळ बघितलं. मग त्याला सगळं सांगितलं, निळ्या तुकड्यासकट. माफी मागतो, असंही म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून दोन दिवसांत रस्ताभर झालंच असतं.

“मला कळलं होतं,” तो म्हणाला. “चंदेरी घेऊन आलात तेव्हा उजवीकडून तीन हाका मारल्या मी.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कानसेनला कोण सांगणार, ऐकू येत नाही म्हणून? म्हटलं निदान बसायला जागा तरी करून ठेवू.” मग जरा ओशाळून म्हणाला, “वहिनी आल्या होत्या रविवारीच, तुम्ही ‘हो’ म्हणायच्या आदल्या दिवशी. दुकानाचं मीच त्यांच्या कानावर घातलं होतं. म्हणाल्या, बुधवारपर्यंत काही सह्या करू नका. म्हणून वकील बाहेरगावी गेला.”

वकील म्हणाला, “मी कुठेही गेलो नव्हतो.”

कागद मी स्वतः उचलले, घडी घातली आणि त्याच्या हातात दिले. त्याने घेतले नाहीत. “थांबा, एक लाख वाढवतो. आता तर दोन्ही कान आहेत, किंमत वाढली.” गंमत नव्हती ती, त्याने कागदावर आकडा खोडून नवीन लिहिला. मी वाचला. पुन्हा नाही म्हटलं. दुकानात सकाळपासून शाळेचा मिक्सर येऊन पडलाय; मुख्याध्यापिकाबाईंनी पाठवलाय, सोबत चिठ्ठी, ‘पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयोग आहे, तुम्हीच या.’

घरी येऊन हिला सांगितलं. “किती देत होता?” तिने विचारलं. आकडा सांगितला. ती खाली बसली.

“एवढे?”

“एवढे.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात.”

“नाही म्हणालो.”

“बरं केलंत,” म्हणाली. बूट घालून फिरायला निघालो तेव्हा फाटकापाशी पुन्हा म्हणाली, “एवढे?”

तेव्हा पुढे कधी यावरून आमच्यात वाद झाला तर आकड्यात चूक नको, म्हणून नोंद करून ठेवतो. देऊ केलं होतं: दुकानाची जागा, आतली हत्यारं आणि पाटीवरचं नाव यांच्या बदल्यात एकरकमी मोबदला, शिवाय वरच्या मजल्यावर बसायला खुर्ची आणि पगार. मोबदला, वाढवलेल्या एका लाखासकट, तेरा लाख साठ हजार. आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दोन्ही कानांनी ऐकून, नाही म्हटलं.